दिवालीच्या नावाचं बोट

“आते दिवालीबाईनं,” माय म्हणाली, आणि भावजयीचं कुंकवात बुडवलेलं बोट उंबऱ्यावर टेकता टेकता थांबलं.

आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, सकाळ होती. त्या दिवशी आमच्याकडे घरातल्या गेलेल्या माणसांची नावं मोठ्यानं घेतात आणि एकेका नावासाठी धुतलेल्या उंबऱ्यावर कुंकवाचं एकेक बोट उमटवतात. नावं ज्याला माहीत त्यानं सांगायची, बोट सवाष्णीनं लावायचं. आमच्या घरात सगळी नावं एकट्या मायला पाठ होती. ती दाराशी भिंतीला टेकून, डोळे मिटून बसली होती. माझ्या धाकट्या भावाची बायको पुष्पा उंबऱ्यावर वाकली होती. मी लग्नानंतर वर्षाच्या आत विधवा झालेली, माझं बोट या कामाचं नाही, म्हणून मी आतल्या बाजूला पाण्याचा तांब्या धरून उभी होते.

पणजोबा, आजोबा, आजोबांची पहिली बायको, पाळण्यातच गेलेली माझी बहीण, आणि शेवटी माझे वडील. वडिलांच्या नावाशी थांबायचं हे पुष्पाला ठाऊक होतं. ती उठायच्या बेतात होती.

“कोन दिवालीबाई?” तिनं विचारलं.

“लाव तू. गयी ती बिचारी. तिन्हं नाव लेवाले कोनी नही.”

“पन आपलामा दिवाली कोन व्हती, आत्याबाई? हाई तर डोंगरवरलं नाव शे.”

“धुर्पाले इचार,” माय म्हणाली. डोळे तिनं उघडले नाहीत.

ओट्यावर माझा भाऊ अभिमन गोवऱ्या रचत होता. दुपारी पितरांच्या नावानं विस्तवावर घास टाकायचा असतो, त्याची ती तयारी. त्याचे हात थांबले. शेजारची आमची चुलत आत्या भिकुबाई पूजेची नवी घागर पाहायला आली होती, तीही वळली. सगळे माझ्याकडे पाहू लागले.

मला सांगायचं होतं ते एका वाक्याचं होतं. ते वाक्य मी मनात जुळवलंही. मग मी म्हणाले, “धुळ्याची एक बाई. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होती.”

“जीनमधली बाई आपला उंबरावर?” भिकुबाई मायला म्हणाली. “तानुबाई, मंग मोटारवाला, चहावाला, बठ्ठास्ले लाव एकेक बोट.”

“तुन्हं नाव बी मीच लेसू,” माय म्हणाली. “तव्हय काय करशी?”

भिकुबाई हसली. पुष्पानं नवऱ्याकडे पाहिलं, त्यानं मान हलवली, आणि तिनं बोट टेकवलं. वडिलांच्या शेजारी, थोडं अंतर सोडून.

दिवाली नावाची बाई कुठंच नव्हती. तिला मी लिहीत होते.

धुळ्याला मुलींच्या शाळेत मी शिक्षिका होते. वडील गेल्यावर माय माझ्याजवळ राहायला आली, कारण एकट्या बाईला जागा देताना लोक खालीवर पाहतात. रतिलालशेठच्या घरामागे आमच्या दोन खोल्या होत्या, बाहेरची चुलीची आणि आतली माझी. शाळेतून आलं की चहा घ्यायचा, आतलं दार लोटायचं आणि दिवेलागणीपर्यंत लिहायचं. इतकी वर्षं दुसऱ्यांचं वाचून झालं होतं की आता हात स्वस्थ बसत नव्हता. पुण्याच्या एका मासिकाकडे मी दोन गोष्टी पाठवल्या होत्या. एक परत आली, दुसरीचं काहीच कळलं नाही.

हे कोणाला ठाऊक नव्हतं. शाळेत एकदा मोठ्या बाईंजवळ मी विषय काढला होता. त्या कौतुकानं म्हणाल्या, “अस्सं? मग यंदा संमेलनात पाहुण्यांच्या स्वागताचं पद तुम्हीच करा.” मी पद करून दिलं आणि पुन्हा त्या विषयावर बोलले नाही.

मायजवळ बोलणं त्याहून अवघड. तिच्या लेखी गोष्टी होत्याच. नदी असते, डोंगर असतो, तशा. राजाच्या, कोल्ह्याच्या, सात भावांच्या एका बहिणीच्या. त्या कोणी केलेल्या नव्हत्या. मी गोष्ट करते असं म्हणणं म्हणजे मी तापी नदी करते असं म्हणण्यासारखं होतं. नसलेली माणसं रचते म्हणावं, तर तिच्या बोलीत त्याला मला एकच शब्द सापडायचा, खोटं. आयुष्यभर अंधारात उठून जात्यावर बसलेली, गोठा काढलेली, स्वतःचं लेकरू पुरून त्याच आठवड्यात निंदणीला गेलेली ही बाई. तिला कोणत्या तोंडानं सांगायचं, की मी शाळेतून येऊन दार लावते आणि भातुकली खेळते?

लिहिताना मला पुटपुटायची सवय होती. एखादी बाई हे असंच म्हणेल का, ते जिभेवर घोळवल्याशिवाय मला कळत नसे. कधी दिवालीच्या तोंडचं म्हणायचं, कधी मुकादमाच्या. बाहेर चुलीपाशी मायला ते ऐकू जात असणार.

“कोनसंगे बोलस वं?” तिनं सुरुवातीला एकदा विचारलं.

“कोणाशी नाही. शाळेचं वाचते.”

तिनं पुन्हा विचारलं नाही. पण त्यानंतर आत येण्याआधी ती दाराबाहेर खाकरू लागली, आत पाहुणी बसली असावी तशी. टोपल्यात एक भाकर जास्त दिसू लागली. मला वाटलं, मी वाळलेली दिसत असेन. एकदा रतिलालशेठ कौलं पाहायला आले, तेव्हा माय उठून आतल्या खोलीच्या दारात जाऊन बसली आणि ते जाईपर्यंत हलली नाही.

“त्याले कसाले दखाडानं?” ते गेल्यावर ती म्हणाली. “डोंगरवरली बाई घरमा शे म्हनीसन बोंब मारी.”

माय असं कधी थट्टेनंही बोलत नसे. मी पेल्यातला चहा संपवला आणि वह्या तपासायला घेतल्या. माझ्या लक्षात आलं, तिच्या स्वभावाप्रमाणे तिनं मनाशी एक ठरवलं होतं. मी एका गरजू बाईला आसरा दिला आहे, ती रोज संध्याकाळी येते आणि मला ते लपवावं लागतं, तर आपणही लपवायचं. ती कोणती, कुठली, हे तिनं मला कधी विचारलं नाही. आलेल्याला आधी पाणी द्यायचं, नाव नंतर विचारायचं, अशा घरातली ती होती.

दिवालीची गोष्ट साधी होती. सातपुड्यातून उतरलेली, जिनिंगमध्ये कापूस साफ करणारी बाई. नवरा रेल्वेच्या कामावर गेला तो परत आला नाही. सुटी झाली की ती फाटकाबाहेर बसून राहते. यापुढं तिनं काय करावं, हे मला काही केल्या सुचत नव्हतं. महिनाभर मी तिला त्या फाटकाशी बसवून ठेवलं होतं.

चैत्र लागला. एका संध्याकाळी माय म्हणाली, “आखाजीले तिले बी लई जाऊत का? तिले माहेर शे का कोठे?”

आखाजीला लेकी माहेरी आणतात. ज्या लेकीला आणायला कोणी येत नाही तिच्याबद्दल बाया हळू आवाजात बोलतात. माय त्याच आवाजात बोलत होती.

“ती यायची नाही,” मी म्हणाले.

“काब्र?”

“आजारी आहे.”

दुसऱ्या दिवशी सुंठ घालून केलेल्या काढ्याची वाटी माझ्या खोलीच्या दाराशी ठेवलेली होती. तो काढा मी प्याले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. आणि पुढच्या रविवारी मी दिवालीला जिनिंगच्या ओसरीत तापानं मारून टाकलं. गोष्ट संपवायची म्हणून आणि आखाजीला कोणाला बरोबर न्यावं लागू नये म्हणून. लिहिताना मला रडू आलं, त्याचं मला नवल वाटलं. मागं वळले तर दारात माय उभी होती. त्या दिवशी ती खाकरली नव्हती.

“गयी का?”

“हो.”

“नाव काय व्हतं तिन्हं?”

“दिवाली.”

ती मोरीत गेली आणि लुगड्यासकट डोक्यावरून पाणी घेतलं. संध्याकाळी चूल पेटवली नाही. माझ्या खोलीच्या कोपऱ्यात तिनं जमिनीवर पणती लावली आणि भोवती पीठ पसरलं. माणूस गेल्यावर आमच्याकडे तसं करतात. जीव कोणत्या वाटेनं गेला त्याची खूण पिठावर उमटते म्हणतात. त्या पणतीशेजारी बसून मी मुलींचे पेपर तपासले. मायनं आंघोळ केली नसती तर मी कदाचित सांगितलंही असतं. सुतक पाळून उपाशी बसलेल्या माणसाला, मेलेलं कोणी नव्हतंच, हे कसं सांगतात ते मला माहीत नव्हतं.

सकाळी माय पिठावर ओणवी झाली. पीठ जसंच्या तसं होतं.

“काहीच उमटनं नही,” ती म्हणाली, आणि दिवसभर विचारात होती.

असं ते बोट आमच्या उंबऱ्यावर आलं.

आखाजीच्या दुपारी विस्तवावर घास टाकून झाले, रस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या झाल्या, पुरुष ओट्यावर आडवे झाले. बाहेर निंबाला झोके बांधले होते. माहेरी आलेल्या मुली गाणी म्हणत होत्या आणि त्या उन्हात गाण्याचे तुकडेच तेवढे घरापर्यंत पोचत होते. मी पाणी प्यायला आत गेले, तर माजघरात माय बोलत होती.

माजघराला खिडकी नव्हती. उजेडातून आत गेलं की थोडा वेळ काहीच दिसत नसे. मी दारातच थांबले.

“मंग तो उनाच नही?” माय म्हणाली.

मग शांतता. समोरचं माणूस उत्तर देत असताना ऐकणारा गप्प राहतो तेवढी.

“वाट देखानी ना, देखानी. पन ऊनमा नको बसत जाऊ.”

पुन्हा शांतता.

त्या शांततेत काय बोललं जात होतं ते मला ठाऊक होतं. ती वाक्यं मी लिहिलेली होती. मायचं एकेक उत्तर त्यांना नेमकं बसत होतं. मी पुटपुटले असेन, मायच्या कानावर पडलं असेल, रोज ऐकून पाठ झालं असेल. असं मी स्वतःला समजावलं, आणि ते मला पटलंही.

“पाय दुखी राहिना का? डावाच ना? कव्हय भाजना व्हता, न्हानपने?”

मी चौकट धरली. अगदी सुरुवातीच्या दिवसांत मी दिवालीला डावा पाय दिला होता, लहानपणी चुलीत भाजलेला, चालताना जमिनीवरून ओढला जाणारा. मग वाटलं, हे वाचणाऱ्याकडे दया मागण्यासारखं आहे, आणि सोडून दिलं. तो पाय कागदावर कधी उतरला नव्हता. माझ्या तोंडूनही नाही.

“असं म्हनस?” माय म्हणत होती. “परत डोंगरमा जाशी? जाय ना मंग. कोन अडावस तुले?”

हे तर मला सुचलंही नव्हतं.

मी आत गेले. डोळे सरावले. माय खांबाला टेकून बसली होती. तिच्यासमोर गोधडीची घडी अंथरलेली होती आणि त्यापुढं रसाची भरलेली वाटी.

“ये, बस,” ती म्हणाली. “ती म्हनस, मी मरनू नही. तू घाई करी, धुर्पा.”

पुण्याच्या संपादकांनी माझी गोष्ट परत पाठवताना चार ओळी लिहिल्या होत्या, त्यांत याच्याइतकं खरं काही नव्हतं. तेव्हा मी खाली बसले असते, तिचा हात धरून एवढंच म्हणाले असते की हो, केली घाई, तरी पुढचं सगळं आपोआप बोलता आलं असतं. पण ज्या गोष्टीची मला लाज वाटत होती, तिच्याबद्दल माझ्याहून माझ्या आईला जास्त माहीत होतं, आणि ते मला सहन झालं नाही.

“इथं कोणी नाही, माय. तुला ऊन लागलंय. पड जरा.”

“कोनी नही?”

“कोणी नाही.”

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग समोरच्या गोधडीकडे. ती रागावली नव्हती. दोघींच्या बोलण्यात आपण उगाच पडलो असं वाटल्यावर माणूस ओशाळतं, तशी ती थोडी ओशाळली.

“बरं,” ती म्हणाली. “तुम्हनं तुम्ही देखी ल्या.”

ती आडवी झाली आणि भिंतीकडे वळली. वळताना तिनं पाठीमागं एका माणसाची जागा ठेवली.

संध्याकाळी ती ओट्यावर येऊन बसली. मुली गाण्यातली एक ओळ विसरल्या होत्या, ती तिनं सांगितली. भिकुबाईशी कैऱ्यांवरून भांडली. पुष्पाच्या पोळीला खापर जास्त तापलं होतं म्हणाली आणि तीच पोळी दुधात कुस्करून खाल्ली. मला वाटलं, दुपारी खरंच ऊन लागलं होतं. दोन दिवसांनी शिरपूरच्या मोटारीनं आम्ही धुळ्याला परतणार होतो. मोटारीत तिला सांगायचं असं मी ठरवलं. मोटारीत आवाज फार असतो. न सांगता येण्यासारखं तिथं सांगता येतं.

सकाळी सडा टाकायला उठलेल्या पुष्पानं हाक मारली ती मला. माय उंबऱ्यालगत बसली होती, चौकटीला खांदा लावून, बाहेर तोंड करून. कोणाला निरोप द्यायला दारापर्यंत यावं आणि दमून तिथंच टेकावं, तशी. अंग गार होतं.

उंबऱ्यावरची बोटं सुकून काळपट झाली होती. शेवटचं, दिवालीचं, मात्र नव्हतं. तिथलं लाकूड पुसून स्वच्छ केलेलं होतं, मायच्या पदराचं टोक अजून ओलसर होतं आणि त्यावर लाल डाग होता.

ओट्याखालच्या धुळीत एक रेघ दिसत होती, काहीतरी ओढत नेल्यासारखी. ती अंगणातून रस्त्याकडे गेली होती. झोक्याचा दोर कोणी ओढत नेला असेल. मी पाहत होते तेवढ्यात शेजारपाजारची माणसं धावत आली आणि त्यांच्या पायांखाली ती मोडली.

दुखवट्याला येणं याला आमच्याकडे दारवर येणं म्हणतात. बाया घोळक्यानं येतात आणि गल्लीच्या तोंडापासूनच हेल काढतात. घरातल्या बाईनं उठून आलेलीच्या गळ्यात पडायचं आणि गेलेल्या माणसाशी बोलायचं. नुसतं रडून भागत नाही, बोलावं लागतं. तू मला हे शिकवलंस, ते खाऊ घातलंस, तुला हे सांगायचं राहिलं. पुष्पा फार चांगलं रडली. तिचं ऐकून गोठ्यातली म्हातारी माणसंही डोळे पुसत होती. मला ते जमेना. मी बायांच्या गळ्यात पडायची आणि मुकी राहायची.

“शिकेल बाई शे,” मागून कोणीतरी म्हणालं. “ती मनमा रडस.”

आणि बाया पाणी पिऊन टेकल्या की भिकुबाई सुरू करायची. तिला माझं वाईट करायचं नव्हतं. तिची भीती खरी होती. “परकी बाई उंबरावर लिन्ही, मंग रातमा पुसी टाकी. ती सोडी का? लई गयी तानुबाईले. आते धुर्पामा शे ती. देखा ना, पोरगी बोलस का काही?”

तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर अभिमननं मला गोठ्याकडे बोलावलं. तो माझ्याहून लहान. त्याला पाटीवर पहिली अक्षरं मीच काढून दिली होती. माझ्याकडे न पाहता तो बैलाच्या मानेवरचा गोचीड काढत राहिला.

“अक्का, तू काही मनमा नको आनू. भगतले निरोप धाडेल शे. उद्या येई तो.”

“काय करणार आहे तो?”

“काही नही. हातमा दोरा बांधी. आन बठ्ठास्ना समोर तू तीन डाव म्हनानं, दिवाली मन्ही कोनी नही. मंग ती तुले सोडी देई.”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

आता त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे रडून सुजले होते. “मंग धुळाले तू एकली कसी ऱ्हाशी? मी तुले जाऊ देसू का तठे, तिन्हासंगे? खोल्या सोडी देऊत. नोकरीनं काय शे, तुन्हा भाऊना घर भाकर नही का?”

त्याचं काही चुकत नव्हतं. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं.

मी गव्हाणीवर बसून राहिले. तीन वेळा चार शब्द. ते खरेही होते. दिवाली माझी कोणी नव्हती, कोणाचीच कोणी नव्हती. ते म्हटलं की दोरा सुटेल, बाया घरी जातील, सुतक संपल्यावर मी धुळ्याला जाईन आणि आतल्या खोलीचं दार लोटून बसेन. पण असं सगळ्यांसमोर म्हणून झाल्यावर त्या खोलीत काय उरेल, हे मला तिथं बसूनच दिसत होतं. भगताच्या दोऱ्याची मला भीती नव्हती. मी बोललेलं दिवालीला ऐकू जाईल, याची होती. आयुष्यात कोणाला दारातून परत न लावलेल्या माझ्या आईनं काळोखात उठून तिचं नाव मेलेल्यांतून पुसून काढलं होतं. ते जिवंतांतून मी पुसायचं होतं.

दुपारी शिंदखेड्याकडच्या मायच्या माहेरच्या बाया आल्या. पुढं होती कौतिकबाई, मायची लहानपणची सोबतीण, वाकलेली, काठी टेकत येणारी. तिला मी लहानपणी एकदाच पाहिलं होतं. “तानू, मन्ही तानू, माले टाकीसन गयी वं,” असं म्हणत ती अंगणात आली. भिकुबाईनं मला कोपरानं ढोसलं.

“उठ वं. मायसंगे दोन बोल बोल. आते नही बोलनी, ते कव्हय बोलशी?”

मी उठले. कौतिकबाईच्या गळ्यात पडले. तिच्या लुगड्याला धुळीचा आणि चुलीचा वास होता. आधी माझ्या तोंडून नुसता आवाज निघाला आणि तो माझा आहे हे मला कळायला वेळ लागला. शाळेत लागल्यापासून मायशी मी पुस्तकातलं बोलत आले होते. आता जे आलं ते तिच्या बोलीत आलं.

“माय वं,” मी म्हणाले, “दिवाली मन्ही शे.”

भिकुबाईचा हेल मध्येच तुटला. अभिमन ओट्यावरून उठून दारात आला. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. कौतिकबाईनं मात्र मला सोडलं नाही. दारवर आलेल्या बाईनं समोरचीचं बोलणं संपेपर्यंत तिला धरून ठेवायचं असतं. तिचा हात माझ्या पाठीवरून फिरत राहिला, बोल, बोल, असा.

“ती जीनमा नही, कोठेच नही व्हती. माले सुचनी ती. मी बसीसन तिले लिखं. मी गोष्टी लिखस, माय. तुले सांगाले माले लाज वाटे. मी गोष्टी लिखस.”